विंगेतला बाप

मी नाटकात असतो असं सांगितलं की लोकांचे डोळे चमकतात. "काय काम करता?" "प्रॉम्प्टर आहे." मग ते डोळे विझतात. रंगमंचाच्या कडेला, पडद्याआड जी अरुंद जागा असते तिला विंग म्हणतात. तिथे स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची संहिता, हातात अंगठ्याएवढी बॅटरी, आणि नट वाक्य विसरला की ते त्याला हळूच पुरवायचं, हे माझं काम. नट विसरला नाही तर मला काम नाही, आणि विसरला तर मी प्रेक्षकांना ऐकू जाता कामा नये. सकाळी त्याच नाट्यगृहाच्या तिकीट-खिडकीत बसतो. तिथेही लोकांना माझा फक्त हात दिसतो.

खरं तर मला नटच व्हायचं होतं. तरुणपणी एका नाटकात नोकराची भूमिका मिळाली होती. "मालक, गाडी आली," एवढंच म्हणायचं होतं आणि ते मी चोख म्हणायचो. अडचण अशी झाली की तालमी बघून बघून मालकाचं, मालकिणीचं आणि थोरल्या जावयाचंही सगळं मला पाठ झालं, आणि ते बोलत असले की माझे ओठ हलायचे. एकदा मालक दम घ्यायला जरासा थांबला, तर त्याचं पुढचं वाक्य नोकरानंच म्हणून टाकलं. दिग्दर्शकानं कपाळावर हात मारला. "याला विंगेत नेऊन बसवा रे कुणीतरी," म्हणाला. तो मी अजून उठलेलो नाही.

विंगेत बसून बसून एक खोड लागली. समोरचा बोलता बोलता थांबला की माझ्या तोंडातून त्याचं वाक्य बाहेर पडतं. दुकानदार "याचे झाले…" म्हणतो, की मी आकडा सांगून टाकतो, आणि बहुतेक वेळा त्याच्या मनातल्यापेक्षा जास्तच सांगतो. डॉक्टर माझे कागद बघत "तुम्हाला आता…" म्हणाले, तर मी "फार दिवस नाहीत?" असं विचारलं. त्यांना "चष्मा लागणार" म्हणायचं होतं. एका शोकसभेत बोलणाऱ्या गृहस्थांचा कंठ दाटून आला, तेव्हा तिसऱ्या रांगेतून मी त्यांना पुढचा शब्द दिला. ते गृहस्थ आजही रस्त्यात भेटले की पलीकडच्या फुटपाथवर जातात.

बायको तर म्हणते, आपल्या लग्नाला दोन्ही होकार तुमचेच आहेत. मी तिला विचारलं होतं, ती खाली बघून जरा थांबली होती, आणि मीच म्हणालो होतो, "हो ना? हो." ती दवाखान्यात नर्स आहे, माणसाला बोलून मोकळं होऊ देणं हे तिच्या कामातच येतं, म्हणून निभावलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे ती इंजेक्शन भरता भरता रुग्णांना सांगते, आणि उदाहरण म्हणून माझं नाव घेते.

अशा माणसाच्या पोटी देवानं जी मुलगी घातली, ती बोलताना थांबते.

अडखळत नाही, घाबरत नाही. थांबते. अर्धं वाक्य बोलते, मग आत जाऊन बाकीचं वाक्य शोधून आणते. मी तिला लाडानं गोगलगाय म्हणतो. त्यावर ती कधी चिडली नाही. गोगलगाय अन् पोटात पाय, हे मात्र माझ्या उशिरा लक्षात आलं. तिची वाक्यं मी ती दोन वर्षांची असल्यापासून पुरी करत आलोय. "बाबा, मला…" "पाणी हवं? घे." "बाबा, आज शाळेत…" "पडलीस? कुठं लागलं?" बिचारी पाणी पिऊन टाकायची. नसलेली जखम दाखवणं मात्र तिला जमायचं नाही. शाळेतही तेच. बाईंनी प्रश्न विचारला की हिचं उत्तर येईपर्यंत बाई पुढच्या बाकावर गेलेल्या असायच्या. मुलीला उत्तर येत असायचं. घरी येऊन संध्याकाळी सांगायची, आणि तेही मी अर्ध्यात तोडायचो.

अशी आमची सोळा वर्षांची लेक एके दिवशी जेवताना म्हणाली, "रविवारी मला घरी पार्टी करायचीये."

मी घास खाली ठेवला. आमच्या घरात तिनं आजवर एका वेळी एकच मैत्रीण आणली होती. ती मैत्रीण अंगानं टाचणी, म्हणून नावही टाचणी. दोघी तिच्या खोलीत तासन् तास बसायच्या आणि बाहेर आवाजच यायचा नाही. मला वाटायचं, भांडल्या की काय.

"टाचणी चाललीये," लेक म्हणाली. "तिच्या बाबांची बदली झाली. रविवारी संध्याकाळीच निघणार आहेत. म्हणून वर्गातले पाच-सहा जण…"

"निरोप समारंभ! म्हणजे भाषण हवं. मी लिहून देतो."

"बाबा." तिनं पाण्याचा घोट घेतला. मी मनातल्या मनात चमचा चावला. "मला तिला एक गोष्ट सांगायचीये. ती जायच्या आधी. बाकी पार्टी कशी का होईना. पण ते मी सांगणार. तू मध्ये बोलायचं नाहीस."

"काय सांगायचंय?"

"ते तिलाच सांगणार."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. लेकीच्या मते मी त्या दिवशी घराबाहेर असावं. बायकोच्या मते मी शहराबाहेर असावं. शेवटी असं ठरलं, की मी स्वयंपाकघरात थांबेन, दार लोटून, आणि हॉलमध्ये पाऊल टाकणार नाही. मी लगेच कबूल झालो. आयुष्यभर तेच करत आलोय, त्यात काय मोठंसं.

रविवारी दुपारपासून मी कामाला लागलो. सोफा तिरका केला, म्हणजे कुणाची पाठ कुणाकडे येणार नाही. मधला दिवा बंद करून कोपऱ्यातला लावला. कोण कुठं बसेल हे ठरवून फरशीवर खडूनं फुल्या मारल्या. लेक ओलं फडकं घेऊन आली आणि एक शब्द न बोलता सगळ्या फुल्या पुसून गेली. स्वयंपाकघराच्या दाराला मात्र मी हवी तेवढी फट ठेवली, आत स्टूल मांडलं, आणि बसून पाहिलं. हॉलचा तीन चतुर्थांश भाग दिसत होता. बायको सँडविचच्या कडा कापत होती. म्हणाली, "संहिता नाही का घेतलीत मांडीवर?" मी म्हणालो, "तीच तर दिली नाही ना तुझ्या लेकीनं."

मुलं आली. दारात बुटांचा ढीग पडला, आणि मग माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट पहिला अंक सुरू झाला. सगळी बसली आणि गप्प. प्रत्येकाच्या हातात फोन. मधूनच एखादा फोन दुसऱ्याला दाखवायचा, दोघं नाकातून हसायची, पुन्हा शांतता. प्रयोग पडतोय हे मला मागच्या रांगेच्या खोकल्यावरून कळतं. इथं तर कुणी खोकतही नव्हतं.

"सँडविच पाठव," मी कुजबुजलो.

"आत्ताच आलीत ती," बायको म्हणाली.

"अगं, पडतोय प्रयोग! एन्ट्री घे!"

मी तिला जवळजवळ ढकललंच. ती ताटली घेऊन गेली, मुलांनी "थँक्यू काकू" म्हटलं, खाल्लं आणि पुन्हा फोन. बायको परत येऊन म्हणाली, "छान चाललंय त्यांचं." माझा विश्वास बसला नाही. फटीतून मला लेक दिसत होती. ती आणि टाचणी सोफ्याच्या एका टोकाला खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या, आणि हिचा चेहरा वाक्य शोधायला आत गेल्यासारखा होता.

तेवढ्यात त्यांच्यातला एक मुलगा उठून उभा राहिला. त्याला सगळे भोंगा म्हणत होते, आणि ते नाव त्याचा आवाज ऐकूनच ठेवलेलं असणार. तो एक विनोद सांगू लागला. हॉटेलात गेलेला माणूस, वेटर, सूपमधली माशी. मुलं फोन खाली ठेवून ऐकू लागली. भोंग्यानं रंगात येऊन वेटरची नक्कल केली, माणसाची केली, माशीचीही केली, आणि शेवटाला आल्यावर म्हणाला, "तर वेटर म्हणतो… वेटर म्हणतो…" आणि गेला! डोळे छताकडे. मी ते डोळे ओळखतो. मोठमोठ्या नटांचे पाहिलेत.

मी काहीच केलं नाही. जे केलं ते माझ्या गळ्यानं केलं. "हळू बोला साहेब, नाहीतर बाकीचे लोकही मागतील."

प्रॉम्प्टरचा एक वेगळा आवाज असतो. कुजबुजत नाही, कारण कुजबुज पहिल्या रांगेला आधी ऐकू येते. खालच्या पट्टीत, सरळ, नटाच्या कानावर नेम धरून सोडायचा. मला त्याचा अभिमान आहे. पण नट आणि मी यांच्यामध्ये जेवढं अंतर लागतं, तेवढा आमचा अख्खा हॉलच नाही.

मग भोंगा ओरडला, "अरे, किचन बोललं!" आणि मुलं खो-खो हसत सुटली. दार उघडलं गेलं. स्टुलावर बसलेला मी, अंगात बायकोचा फुलाफुलांचा एप्रन, असा सगळ्यांसमोर आलो. धरणीमाता पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण धरणीमातेच्या आधी भोंग्यानं हात धरला. "काका, बाहेर या ना! तुम्ही नाटकात हेच करता?"

मी लेकीकडे पाहिलं. ती हसत होती. खरंच हसत होती, सुरुवातीला तरी. बायको मागून "अहो" म्हणाली. तेवढ्या "अहो"त किती काय होतं ते मला ऐकू आलं, पण मी ऐकलं नाही. इतक्या वर्षांत कुणी मला विंगेतून बाहेर बोलावलं नव्हतं. मी पाऊल टाकलं.

मुलांनी मग खेळच काढला. एकानं अर्धं वाक्य बोलायचं आणि थांबायचं, उरलेलं मी पुरं करायचं. "काका, गणिताच्या सरांनी काल…" "स्वतःचाच पेपर तपासला आणि नापास झाले!" "काका, माझी आई म्हणते…" "फोन खाली ठेव, नाहीतर मी तो सूपमध्ये टाकीन!" हशा, टाळ्या. कुणी म्हणालं, काका भारी आहेत. मला पोरांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी शेंड्यापर्यंत गेलो. मग मी नोकराच्या भूमिकेची गोष्ट सांगितली. मग शोकसभेची. मग आणखी एक, जी कुणी विचारली नव्हती.

"आता तू," भोंगा लेकीला म्हणाला.

"मला नाही खेळायचं," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. टाचणीचा हात हातात धरून दाराकडे बघत होती. मी ते पाहिलं, आणि पुढची गोष्ट सुरू केली. आपल्याच मुलीच्या पार्टीत मी अख्खा मधला अंक खाल्ला.

टाचणीचा फोन वाजला. तिचे बाबा ठरल्यापेक्षा लवकर आले होते, खाली गाडी उभी होती. एकदम गडबड उडाली. बूट सापडेनात, मिठ्या, "फोन कर", "विसरू नकोस". टाचणी दारात उभी राहिली आणि तिनं लेकीकडे पाहिलं.

"थांब," लेक म्हणाली. "मला तुला…"

आणि ती थांबली.

सगळे तिच्याकडे बघत होते. लिफ्ट वर येत असल्याचा आवाज येत होता. तिचे ओठ किंचित उघडे होते, भुवया जवळ आल्या होत्या. तिचं ते थांबणं माझ्यासमोरच होतं, हाताच्या अंतरावर. आता यात काय कठीण होतं? गप्प उभं राहायचं होतं. खांबालाही जमलं असतं.

"…तुझी खूप खूप आठवण येईल!" मी म्हणालो.

हशा पिकला. मुलांना वाटलं, खेळच चाललाय. टाळ्याही पडल्या. टाचणी हसली, तिनं लेकीला घट्ट मिठी मारली, "मलाही येईल गं," म्हणाली. लिफ्टचं दार उघडलं, तिच्यामागे बंद झालं. बाकीची मुलं केककडे आत पळाली.

लेक तिथेच उभी होती. माझ्याकडे वळली. रडत नव्हती, ओरडली नाही. या वेळी ती वाक्यात कुठं थांबलीही नाही.

"बाबा, ते माझं वाक्य नव्हतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षं, म्हणजे टाचणीशी मैत्री झाल्यापासून, जी गोष्ट ही पोरगी मनात जुळवत होती, ती मी एका फुटकळ वाक्यात गुंडाळून लिफ्टमधून पाठवून दिली होती. आणि ती मैत्रीण आता दुसऱ्या शहरात चालली होती.

"उभे काय राहिलात?" बायको मागून म्हणाली. "पळा!"

लिफ्ट खाली गेलेली. मी जिन्यानं पळालो. तीन मजले. माझ्या वयाच्या आणि माझ्या पोटाच्या माणसानं जिना पळत उतरू नये, आणि रबरी सपाता घालून तर मुळीच नाही. एक सपात दुसऱ्या मजल्यावर राहिली. खाली पोचलो तर गाडी सुरू होऊन फाटकाकडे निघालेली. मी धावत पुढे गेलो आणि हात पसरून गाडीसमोर उभा राहिलो. नाटकात असं कुणी केलं तर मी त्याला भडक अभिनय म्हणतो.

टाचणीच्या बाबांनी काच खाली केली. "काय झालं? काही राहिलं का?"

"हो," मी धापा टाकत म्हणालो. "राहिलं."

"काय राहिलं?"

मला सांगता येईना. "मुलगी येतेय," एवढंच म्हणालो.

लेक आली. धावत नाही, चालतच. ती धावत नाही कधी. मागच्या सीटची काच खाली झाली, टाचणीनं डोकं बाहेर काढलं. लेक खिडकीपाशी उभी राहिली. "मघाशी ते," ती म्हणाली, "मला…"

पुढच्या सीटवरून टाचणीची आई मायेनं वळून म्हणाली, "अगं, येत जा की सुट्टीत आमच्या…"

"श्श!" मी म्हणालो. एका भल्या बाईला, जिला मी नीट ओळखतही नव्हतो. त्या दचकून गप्प झाल्या. मागून एक स्कूटरवाला आला, फाटक अडलेलं बघून त्यानं हॉर्नकडे हात नेला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं हात मागे घेतला. मग सगळेच थांबलो. गाडीचं इंजिन चालू होतं. माझ्या जिभेवर वाक्यं येत होती, एकामागून एक, आणि मी ती गिळत होतो. गिळताना घसा दुखतो, हे मला ठाऊक नव्हतं.

"सगळे माझं वाक्य आधीच संपवतात," लेक म्हणाली. "वर्गात. घरी पण." पुन्हा थांबली. "तू थांबायचीस. शेवटपर्यंत. तेवढंच सांगायचं होतं."

टाचणी लगेच काही बोलली नाही. तिलाही सवय झाली असावी. मग नाक पुसत म्हणाली, "तू शेवटी काय म्हणशील, ते मला कधी ओळखताच यायचं नाही. म्हणून थांबायचे."

गाडी गेली. स्कूटरवालाही गेला, जाताना मला एकदा न्याहाळून. एप्रनमुळे असेल. "घरी पण" हे दोन शब्द माझ्या छातीत बसले होते. ते कुणी मला पुरवलेले नव्हते, आणि मला ते कधी सुचलेही नसते.

आम्ही जिन्यानंच वर निघालो. पहिल्या मजल्याच्या वळणावर ती पायरीवर बसली. मीही दोन पायऱ्या खाली बसलो.

"बाबा," ती म्हणाली.

मी मनात दोन वाक्यं तयार ठेवली होती. एक, "मी तुझ्याशी बोलणार नाही." दुसरं, "जाऊ दे, झालं ते झालं." दोन्हीपैकी एक नक्की येणार, अशी माझी खात्री होती.

"आता शाळेत मला… बोलायला कुणी नाही."

मला वाटलं, म्हणावं, मी आहे ना. तेही तिचं वाक्य नव्हतं, माझं होतं, पण त्याला तिथं जागा नव्हती. म्हणून बसून राहिलो. मग ती हळूहळू बोलायला लागली. टाचणीबद्दल, बाईंबद्दल, भोंगा कसा चांगला आहे पण त्याच्यासमोर तोंडच कसं उघडता येत नाही, याबद्दल. मध्ये मध्ये थांबत होती. ती पुढे काय म्हणेल असा माझा जो जो अंदाज होता, तो प्रत्येक चुकला. इतकी वर्षं मी या मुलीच्या तोंडात भलत्याच मुलीची वाक्यं घालत होतो, आणि मला वाटत होतं की मला तिचं सगळं पाठ आहे.

वरून बायको जिन्याच्या कठड्यावरून वाकली. "अहो, ती मुलं केकसाठी खोळंबलीत, तुम्ही दोघं काय…"

मी मान वर करून तिला तोंडावर बोट ठेवून दाखवलं. लेकीचं वाक्य अजून संपलं नव्हतं.